फुल बॉडी, नाशिक पासिंग

पनवेल,
जानेवारी संपता संपता, २०११

तीर्थरूप शोभामावशीस,

दीपेशचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण गेल्या शनिवारपासून कंबर धरली आहे (का धरली ते पुढे येईलच), तेव्हा सध्या उभ्या उभ्या जेवढं वाकता येतं तेवढा नमस्कार पोचता झाला असं समज आणि उरलेला मी दिंडोरीला आलो की घे. तुझे पाय कसे आहेत? काकांचा खोकला गेला का, की अजून पहाटे गल्ली उठवतात? यंदाच्या थंडीने तिकडे द्राक्षाचे मणी तडकले असं पेपरात होतं, आपल्या बागेचं ठीक आहे ना? फोन का केला नाही असं विचारशील. मावशी, तुला फोन लावला की तुझं पहिलं वाक्य "कोण बोलतंय?" आणि दुसरं "बरं ठेवते, तुझं बिल वाढतंय." या दोन वाक्यांच्या मधे मला आजवर काहीही सांगता आलेलं नाही. आणि ही हकीकत तर बिल वाढल्याशिवाय सांगताच येणार नाही.

आईने कळवलं असेल की मी पुन्हा नोकरी सोडली. खोटं आहे. न्हावा शेव्याच्या त्या गोदामानेच मला सोडलं, आणि तेही प्रेमाने. साहेब म्हणाले, तुझं मन इथे रमत नाही, आमचंही तुझ्यात रमत नाही. त्यानंतर मी काही दिवस एका मांडववाल्याकडे होतो, मग मोबाईलच्या दुकानात, मग एका माणसाबरोबर मध विकत फिरलो (तो मध नव्हता, पण ते जाऊ दे), आणि आता कोन गावात भगवानशेठच्या मुलीच्या, मनस्वीच्या हॉटेलात आहे. मनस्वी शाळेत माझ्याच वर्गात होती, फरक एवढाच की ती शिकली. हॉटेलचं पदवीचं शिक्षण घेऊन आली आणि एक्स्प्रेस-वेजवळच्या बापाच्या जागेत, आंब्याच्या सावलीत टेबलं मांडून बसली. गिऱ्हाईक काही येईना. त्यात त्या जागेवर एका कंटेनर यार्डवाल्याचा डोळा. दर दिवाळीला मिठाईचा खोका घेऊन येतो, शेठच्या पाया पडतो आणि जाताना पावलांनी जागा मोजत जातो. शेवटी शेठ मुलीला म्हणाले, "येक शनवार तुजा. पावन्यांनी वाहवा केली तर हाटेल ऱ्हाईल. नाय तर सोमवारी हितं डबे लागतील." डबे म्हणजे कंटेनर. मनस्वी रडली नाही, पण त्या दिवशी तिने तीच भांडी दोनदा घासली.

तो शनिवार म्हणजे मुंबईच्या एका वाईन क्लबची सहल. ही माणसं सुट्टीच्या दिवशी एकत्र जमतात, वाईन तोंडात घेतात, खळखळून चूळ भरल्यासारखं करतात आणि मग तिच्याबद्दल बोलतात. (आपल्याकडे पिणारेही बोलतात, पण वाईनबद्दल नाही, भावकीबद्दल.) त्यांचं पत्र आलं: पोपटी खायची आहे, आणि तिच्याबरोबर एखादी फुल बॉडी रेड हवी, शक्यतो नाशिकची शिराझ. मनस्वीने ते वाचून माझ्याकडे पाहिलं, कारण मागच्या वर्षी तोडणीच्या हंगामात मी तुझ्याकडे राहून वाईनच्या कारखान्यात कामाला होतो हे मी तिला एक-दोनदा (रोज) सांगितलं होतं. मी म्हणालो, शिराझ? अगं, माझ्या मावशीच्या मोरीचं पाणी त्याच वेलींना जातं!

मग मी तिला सगळं समजावून दिलं. तुला त्यात नवं काही नाही, पण चुकलं असेल तर काकांना विचारून कळव. मी म्हटलं, हे खायचं द्राक्ष नव्हे. खायचं द्राक्ष म्हणजे पाहुण्यांपुढे आणून बसवलेली मुलगी: लांब, गोरी, गोड, आत काही नाही. शिराझ बारकं, काळं, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. तोंडात टाकलं तर आधी बरं वाटतं आणि मग कच्च्या जांभळासारखी जीभ टाळ्याला चिकटते. पण सगळी करामत त्या सालीतच. रस सालीसकट मुरवतात म्हणून रंग असा येतो की कपड्यावर सांडला तर कपडा बदलायचा नाही, टाकायचा. आणि फुल बॉडी म्हणजे काय, तर पाण्यासारखी पळत नाही, दुधासारखी तोंडात जागा धरून बसते. वास घेतला की आधी जांभूळ, मग काळी मिरी, मग कुणीतरी शेजारच्या वावरात पाचोळा पेटवलाय असा धूर. म्हणून तिला जोडीलाही तसंच दणकट लागतं. भाजलेलं मटण, मिरी घातलेला रस्सा, निखाऱ्यावरची कलेजी. पोपटी तर तिच्यासाठीच जन्माला आली: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, कोंबडी, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. ना तेल, ना पाणी, नुसता धूर. फक्त तिखट आवरायचं, कारण मिरचीवर ही वाईन पडली की तोंडात होळी पेटते. आणि मासळी तर समोर आणायचीच नाही. सुरमईवर शिराझ प्यायलात तर तोंडात लोखंडाची चव येते, म्हणजे पैसे हॉटेलचे आणि चव कळंबोलीच्या लोखंडबाजाराची. मनस्वी हे सगळं लिहून घेत होती. मावशी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं लिहून घेत होतं, तेव्हा मी जरा वाहवलो असेन.

आता वाईन आणायची कुठून? तू म्हणशील वाईन शॉप. मावशी, पनवेलच्या वाईन शॉपात वाईन सोडून सगळं मिळतं. एकाने कपाटावरून एक बाटली काढली, फुंकर मारली तर पाली पळाल्या. तेव्हा मी माझा दोस्त दादू याला फोन लावला. दादू कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर दलाल आहे, कुणाला गाडी हवी तर गाडी, कुणाला माल हवा तर माल. नाशिकहून रोज त्याच्या गाड्या येतात, एखाद्या ड्रायव्हरबरोबर एक पेटी येईल असा माझा सरळ हिशोब. अडचण एकच. फोन मी शेठच्या ओटीवरून करत होतो आणि शेठ समोर पान लावत बसले होते. शेठ दारूला शिवत नाहीत आणि शिवणाऱ्याला दारात उभं करत नाहीत. त्यांच्यादेखत वाईन हा शब्द काढायचा नाही अशी मनस्वीची सक्त ताकीद होती. तेव्हा मी आडून आडून बोललो.

"दादू, शनिवारसाठी नाशिकची एक फुल बॉडी पाहिजे."

"मिळेल की. कलर?"

"रेड. व्हाईट अजिबात नको."

(दादूने कलर विचारला म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं. म्हटलं, सुधारला.)

"कुठल्या सालची?"

"सातची मिळाली तर उत्तम, आठची चालेल. फार नवी नको, कच्ची असते."

"तुला जुनीच पाहिजे तर माझं काय जातंय! माणसं किती?"

"बारा."

"अरे, फुल बॉडीत पन्नास मावतात."

"पन्नास नकोत. आणि हे बघ, शिराझच पाहिजे. दुसरं काही गळ्यात मारू नकोस."

"शिराज? मालेगावचा ना? आहे आहे. पण एक सांगतो, त्याला मटण लागतं हां."

"अरे, म्हणूनच तर मागवतोय!"

मग मी सूचना दिल्या. आडवं ठेवायचं, उभं नाही. घाटात धक्के बसता कामा नयेत. उन्हात ठेवायचं नाही. आणि पोचल्यावर पाहुणे यायच्या दोन तास आधी उघडून ठेवायचं, हवा लागली पाहिजे. दादू म्हणाला, "भारी पार्टी दिसते." मी फोन ठेवला तेव्हा शेठनी विचारलं, "गाडी मागवलीस काय रं?" मी म्हटलं, हो, त्यातलंच. शेठ पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले, आणि का हसले हे मला शनिवारपर्यंत कळलं नाही.

कारण शनिवारी दुपारी हॉटेलच्या फाटकातून एक ट्रक आत आला. लालभडक. फुल बॉडी. नाशिक पासिंग, दोन हजार सातचं मॉडेल. (तुला माहीत नसेल तर सांगतो, ट्रकमधे हाफ बॉडी आणि फुल बॉडी असं असतं, फुल म्हणजे मागचा हौदा उंच फळ्यांचा. मलाही माहीत होतं. पण माणूस एका विषयात तज्ज्ञ झाला की त्याला बाकीचे विषय आठवत नाहीत.) ट्रकमधून भुवयांपर्यंत धूळ माखलेला एक सज्जन मनुष्य उतरला, म्हणाला, "सलाम, मी शिराज," मागचा फाळका धाडकन उघडून ठेवला आणि आंब्याखालच्या बाजेवर आडवा झाला. मी विचारलं, हे काय? तो पडल्या पडल्याच म्हणाला, "दादूभाईने सांगितलंय, पार्टीचा हुकूम आहे, शिराजने आडवंच राहायचं. घाटात एक धक्का बसू दिला नाही, बैलगाडीसारखी आणली. माल काय भरायचा?"

मनस्वी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "दीप्या, वाईन?" मी ट्रककडे बोट दाखवलं. ती ट्रकच्या आत जाऊन बघून आली. कांद्याची थोडी सालं होती. परत येऊन तिने त्यातलं एक माझ्या तळहातावर ठेवलं, आणि तेव्हा तू समोर असतीस तर तूही मला पाठीशी घातलं नसतंस.

एवढ्यात पांढरेशुभ्र कपडे घालून, एका हातात हार नि दुसऱ्यात नारळ घेऊन भगवानशेठ हजर. ओटीवरचा फोन ऐकल्यापासून त्यांनी ताडलं होतं की पोरीला अखेर अक्कल आली, ती यार्डाला कबूल झाली आणि लाजेपोटी दीपेशकरवी पहिली गाडीसुद्धा मागवली. सगळ्या गावाला सांगून आले होते. मनस्वी "बाबा, ऐका तरी" म्हणेपर्यंत त्यांनी ट्रकच्या आरशाला हार घातला, बंपरवर नारळ आपटला, खोबऱ्याचे तुकडे उडाले, आणि त्याच क्षणी फाटकातून मुंबईच्या पाहुण्यांची मिनीबस आत वळली. त्यांनी काय पाहिलं? सजवलेला लाल ट्रक, पांढऱ्या कपड्यांतला यजमान आणि फुटलेला नारळ. सगळे बसमधून टाळ्या वाजवत उतरले. फोटो काढले. त्यांचा म्होरक्या, एक दाढीवाले गृहस्थ, त्यांनी शेठचा हात दोन्ही हातांत धरून हॉटेलच्या उद्घाटनाबद्दल अभिनंदन केलं. शेठना काही उमगेना, पण फोटो निघतोय म्हटल्यावर हसू आवरेना.

मग दाढीवाले हात चोळत म्हणाले, "तो? शिराझ कहाँ है?"

बाजेवरून शिराजभाई उठून उभे. "जी साब, इधर."

"दो हजार सात का है ना?"

"नही साब. सात की तो गाडी है. मैं छिहत्तर का."

सगळे इतके हसले की दोघी बायका खाली बसल्या. त्यांना वाटलं हे सगळं ठरवून केलंय, या हॉटेलची ही पद्धतच आहे. (मी नंतर तसंच सांगितलं.) पण हसून किती वेळ जाणार? मडक्याभोवती जाळ लागला होता, ओव्याचा वास सुटला होता, शेठ खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले होते आणि टेबलावर बारा रिकामे ग्लास होते. मी मागच्या दारी जाऊन मनस्वीच्या आईला, सखूबाईंना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, काकू, आता सोमवारी डबे.

सखूबाई गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तांबडी का पांढरी?"

"काय?"

"ती दारू रं तुजी. तांबडी हाय का पांढरी?"

"तांबडी."

"मंग हाय की खाटंखाली. तो यार्डवाला दर दिवालीला मिटाईच्या खोक्याखाली दोन-दोन ठेवून जातो. यांना काय सांगू, भांडान कराला? मी गुडघ्याला लावते. पांढरीनं ऊब येत नाय, ती मी ओतून देते."

मी खाटेखाली शिरलो. (कंबर तिथे गेली, मावशी. खाट ठेंगणी आणि मी उतावीळ.) मागची खोली, भाताच्या पोत्यांमागे, अंधार, गारवा, आणि भिंतीला लागून ओळीने आडव्या झोपवलेल्या बाटल्या. उभ्या मावत नव्हत्या म्हणून आडव्या. काका सांगतात ना, बूच ओलं राहिलं पाहिजे, ऊन नको, हालवाहालव नको? सखूबाईंनी ते सगळं गुडघ्यांसाठी सांभाळलं होतं. लेबलं पुसून बघितली तर निम्म्याहून जास्त शिराझ. यार्डवाल्याला चव आहे हो.

पुढचं फार सांगत नाही, सांगितलं तर तुला खोटं वाटेल. पोपटीचं मडकं आम्ही ट्रकच्या उघड्या फाळक्यावर फोडलं. वालाच्या शेंगांची वाफ, धुरकटलेली कोंबडी, त्यावर ती काळीभोर वाईन. लोक एक घोट घेत होते, एक शेंग सोलत होते आणि डोळे मिटत होते. फक्त एक गडबड झाली. घाईत मी सखूबाईंची वापरातली, अर्धी बाटलीही टेबलावर ठेवली. दाढीवाल्यांनी तीच उचलली, ग्लास फिरवला, नाक आत घातलं आणि एकदम ओरडले, "निलगिरी!" मला वाटलं संपलं सगळं. तर ते बाकीच्यांना सांगू लागले की उत्तम शिराझमधे निलगिरीचा असा सुगंध क्वचित मिळतो, ही दाद द्यायची गोष्ट आहे. त्या अर्ध्या बाटलीसाठी शिकलेल्या माणसांत धक्काबुक्की झाली. सखूबाई दारातून म्हणाल्या, "मना काय ठाव, मी तेलाच्या हातानं बूच लावते."

शेठ इतका वेळ हे बघत होते. त्यांनी बाटली ओळखली. मला जवळ बोलावून कानात विचारलं, "हे गुडघ्याचं औषध पितात? जेवनाबरोबर?" मी काही बोलायच्या आत सखूबाई म्हणाल्या, "तुमी गप बसा. लांबून आलेत, गुडघे दुखत आसतील त्यांचे." शेठना खरंच औषध वाटलं की त्यांनी वाटून घेतलं हे मला अजून कळलेलं नाही. पण दाढीवाल्यांनी येऊन विचारलं की इतकी सुरेख ठेवता कशी, तेव्हा शेठ छाती काढून म्हणाले, "खाटंखाली. आडवी. उबी ठेवाची नाय कदी." दाढीवाल्यांनी ते वाक्य मोबाईलमधे लिहून घेतलं.

सोमवारी यार्डवाला पेढे घेऊन आला. त्याच्या कानावर गेलं होतं की नारळ फुटला. म्हणाला, शेठ, मग कधी आणू डबे? मनस्वी खांबाला धरून उभी होती. शेठनी पान तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं, आणि म्हणाले, "नारल फुटला ते खरं. पन फुटला तवा टाल्या वाजवल्या त्या हाटेलच्या पावन्यांनी. तुजा येक बी मानूस तितं नव्हता. आता फुटलेला नारल मी काय परत जोडू?" शेठच्या घरी फोडलेला नारळ फिरवत नाहीत, जमीन फिरली तरी. यार्डवाला पेढे ठेवून निघाला तेव्हा शेठनी मागून हाक मारली, "दिवालीला मातर आटवनीनं ये हां. तांबडीच आन."

तर हॉटेल राहिलं. पुढच्या शनिवारी दाढीवाले दुसरी तुकडी पाठवतायत आणि त्यांची अट आहे की ट्रक तिथेच पाहिजे. काकांना नमस्कार, खोकल्याला ज्येष्ठमध, आणि तुला जे जे मी सांगायला विसरलो ते सगळं सांगितलं असं धरून चाल.

तुझा, सध्या वाकलेला,
दीपेश

ता. क. हे पत्र शिराजभाई स्वतः घेऊन येतायत. त्यांनी स्वतः थेंबाला हात लावला नाही, पण पोपटीतली सगळी अंडी त्यांनीच संपवली. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नकोस, मटण लागतं हे खरं आहे. परत येताना त्यांच्या गाडीत काकांच्या ओळखीने शिराझच्या चार पेट्या दे. आडव्या. सखूबाईंचा साठा संपला आणि गुडघे पुन्हा धरले आहेत.

ता. क. दुसरा. मनस्वीने मला कायमचं ठेवून घेतलंय, वाईनचा माणूस म्हणून. शनिवारपासून पाहुण्यांसमोर मी घोट घ्यायचा आणि काय काय लागतंय ते सांगायचं. इथे पंचाईत आहे. जांभूळ, मिरी, धूर हे सगळं मी काकांच्या तोंडून ऐकलेलं आणि पिंपांच्या झाकणांवरून हुंगलेलं; जिभेला आजवर लागलेलं नाही, त्या शनिवारीसुद्धा नाही. मागच्या वर्षी मी पिशवी खाली ठेवायच्या आत तू माझा हात तुझ्या गळ्यावर ठेवून शपथ घातलीस, आठवतं? कारखान्यात कामाला जातोस, एक थेंब तोंडात घ्यायचा नाही. नाही घेतला. आता मात्र पोस्टकार्डावर तुझ्या हाताने एकच शब्द लिहून पाठव: "सुटली." फोनवर नको. फोनवर तू "ठेवते" म्हणतेस, आणि "ठेवते" म्हणजे "सुटली" नव्हे.

ता. क. तिसरा, आणि हा काकांना वाचून दाखवू नकोस. त्याच दिवशी, त्याच गळ्यावर तू दुसरीही एक शपथ घातली होतीस, की धाकट्या बहिणीचं, नीताचं होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचं नाव काढायचं नाही. नीताला विचारलं, ती म्हणते तिला घाई नाही. मी नाव काढत नाही, फक्त कळवतो. या दोन्ही शपथा मी काल बोलता बोलता मनस्वीला सांगितल्या आणि म्हटलं, मावशीला उत्तरासाठी पाठवायला एक कोरं कार्ड दे. ती आत गेली आणि पत्राला जोडायला, वर इथलाच पत्ता घालून, घेऊन आली.

मी एकच मागितलं होतं. तिने दोन आणली.